व्याकरणातला पोरगा

लायब्ररीचा रात्रपाळीचा रखवालदार, क्रुकशँक,
पहिल्याच दिवशी मला म्हणाला, "फिट लाइक?"
बारा वर्षं इंग्रजीत शिकलेली मी,
निबंधात जिल्ह्यात पहिली आलेली तेम्वा न्यिरेंदा,
गप्प.
तो पुन्हा तेच म्हणाला.
मी पासपोर्ट काढून दाखवला.

"कशी आहेस" एवढंच विचारत होता बिचारा,
अ‍ॅबर्डीनच्या बोलीत.
मग तळहात पुढे करून म्हणाला,
शाळेत असं बोललं की इथे पट्टा बसायचा, चामड्याचा.
मी गळ्याकडे बोट नेलं.
तिथे दिसण्यासारखं काही नव्हतं.

आमच्या बोर्डिंगात लाकडाचा एक ठोकळा होता,
सुतळीत ओवलेला.
घरच्या भाषेत बोलेल त्याच्या गळ्यात तो.
मग त्यानं दुसरा बोलणारा हुडकायचा
आणि त्याच्या गळ्यात घालून सुटायचं.
झोपेच्या घंटेला ज्याच्याकडे राहील
त्यानं संडास धुवायचे.
शेवटच्या वर्षी, प्रार्थनेच्या रांगेत,
मी लुसुंगूच्या पायावर टाच रोवली.
मुद्दाम.
कळ काही इंग्रजीत येत नाही.
ती "आई गं" म्हणाली, आमच्या भाषेतलं आई गं,
आणि मी मोकळी झाले.

शिष्यवृत्तीच्या अर्जात एक रकाना होता:
नेतृत्वगुणाचं उदाहरण द्या.
मी भलतंच काहीतरी लिहिलं.

बाबा सुकी मासळी विकत, रद्दीत बांधून.
बांधण्याआधी मी वाचून घ्यायची.
मंत्री विमानातून उतरायचा आणि तिथेच फाटायचा.
एका खुनाचा निकाल मला अजून ठाऊक नाही.
वाचन म्हणजे बोटांना वास येणारं
आणि पुढचं पुढे राहणारं काहीतरी,
अशीच माझी समजूत.

इथे सात मजले भरून पुस्तकं,
आणि प्रत्येकाला शेवट.
वरच्या काचेतून समुद्र दिसतो, राखेसारखा.
तळं आणि समुद्र, आमच्याकडे दोघांना एकच शब्द: न्यांजा.
समुद्र पाहिलेलं घरात कोणी नव्हतं,
त्यामुळे कधी अडलं नाही.

फेब्रुवारीत एका रात्री
संगणकात माझ्या भाषेचं नाव टाकलं.
चार नोंदी.
एक बायबल, दोन स्तोत्रांची पुस्तकं,
आणि कुणा पाद्र्यानं रचलेलं व्याकरण,
ते तळघरातून मागवावं लागलं.
आत शेवटचा शिक्का एकोणीसशे एकसष्टचा.
धडा तिसरा, आज्ञार्थ.
पोरा, पाणी आण.
पोरा, बूट पूस.
पोरा, ओझं उचल.
दोनशे पानांत कोणी हसत नाही.
"का" हा शब्द आहे, पण तो परिशिष्टात.

मला राग यायला हवा होता. आलाही.
पण प्रत्येक शब्दाला घरचा वास होता,
आणि मी ते हुकूम
हळूहळू, ओठ हलवत, तीनदा वाचले.

मग पानाचा फोटो काढून लुसुंगूला पाठवला.
(ती आता बाबांशेजारी बसते बाजारात, टोमॅटो घेऊन.
पायाचा विषय आम्ही कधीच काढत नाही.)
तिचा आवाज आला, मागे कोंबड्या, मोटारसायकल,
आणि ती हसत होती, पोट धरून:
"कोण गं हा पोरगा?
आणलं का त्यानं पाणी? पुढे काय झालं?"

पुढे काही होत नाही, व्याकरण आहे ते, मी सांगणार होते.
तरी पान उलटलं.
धडा चौथा, भूतकाळ. पहिलं वाक्य:
घागर फुटली.

मी ते तिला वाचून दाखवलं, मोठ्यानं,
रात्री पावणेबाराला, शांतता राखा या पाटीखाली.
क्रुकशँकनं दारातून डोकावून पाहिलं.
काही बोलला नाही.
"बरं झालं," लुसुंगू म्हणाली. "आता पुढचं वाच."